पार्किंगमध्ये प्लग नसताना मोटारसायकलची बॅटरी चार्ज कशी ठेवावी?
गाडी महिनाभर उभी राहणार असेल आणि पार्किंगमध्ये प्लग नसेल, तर सरळ बॅटरीच घरात न्यावी. इग्निशन बंद करून आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची वायर सोडवावी व मग लाल. जोडताना क्रम उलटा ठेवावा, म्हणजे पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. ५ अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीला अर्ध्या अँपिअरचा चार्जर पुरतो. खोली मात्र हवेशीर असावी. चार्जर काढल्यावर काही तासांनी मल्टिमीटरने १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवले, की ती भरली असे समजावे. रोज पाच मिनिटे जागेवर इंजिन चालवण्याचा सर्वांचा लाडका उपाय फारसा कामाचा नाही, कारण सेल्फ-स्टार्टने खर्चलेली वीजही तेवढ्यात पुरती भरून निघेलच असे नाही.