डिकीचं भाडं कोण भरणार?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३१, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर नोकरी, महिन्याला हातात ४१,००० रुपये. दारात २०२२ ची डिझायर, तिचं कर्ज अजून दोन वर्षं चालायचंय. घरी आई-वडील, बायको आणि बायकोचा कांदा-लसूण चटणीचा धंदा. दर दुसऱ्या रविवारी डिकीत खोकी भरून नवरा-बायको सांगली-मिरजेला माल पोचवतात. आता याच डिकीत त्यांना बारा इंची सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) आणि दोन अॅम्प्लिफायर बसवायचे आहेत. दुकानाचं कोटेशन ७२,००० चं. प्रश्न एवढाच, की बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावं की दिवाळीत भिशी उचलून भागवावं? पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे: "बायको म्हणते, डॉल्बीच लावायचाय तर ट्रॅक्टर घ्या."

वहिनींचं हे वाक्य मी दोनदा वाचून हसलो. पण गाणी ऐकायला पैसे घालवू नका असं मी सांगणार नाही. आपल्या गावात कुणी तालमीच्या फुटबॉल संघामागं महिन्याचा पगार उडवतो, कुणी कबुतरांवर. तुमचा नाद त्या मानानं घरात बसणारा आहे. माझी हरकत कोटेशनवर आहे, आणि त्याहून जास्त तुम्ही जी रक्कम हिशेबातच धरली नाही तिच्यावर.

आधी हप्त्यांचं संपवू. रोख दिले तर ६६,००० आणि हप्त्यांवर ६,००० चे १२ हप्ते, असं दुकानदार म्हणाला. म्हणजे गाण्याच्या सामानाची किंमत ६६,००० आहे आणि वरचे ६,००० हे व्याज आहे, त्याला नाव काहीही द्या. सहा हजार म्हणजे नऊ टक्के, असंही समजू नका. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, त्यामुळे वर्षाचा खरा दर १६ टक्क्यांच्या वर जातो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. तुमच्या पत्रातले आकडे मांडले तर गाडीचा हप्ता ९,८००, घरखर्च २१,०००, एसआयपी २,०००, भिशी ३,००० आणि शिल्लक ५,२००. हप्ता ६,००० चा. पाच हजारात सहा हजार बसत नाहीत. चटणीचे पैसे आहेत की, असं तुमच्या मनात येईल. ते वहिनींचे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय तुमच्या शिलकेत धरू नका. तेव्हा हप्त्यांचा विषय इथंच बंद.

भिशीचं जरा नीट बघा. २० जणांची, महिना ३,००० ची, दिवाळीत तुमचा नंबर, हातात ६०,०००. पण त्यानंतरही तुम्हाला आठ हप्ते भरायचे आहेत. म्हणजे उचललेल्या साठातले ३६,००० तुमचे साठवलेले, आणि २४,००० इतर सभासदांचे, पुढं फेडायचे. बिनव्याजी आहेत, ओळखीतले आहेत, तरी उधारच. भिशी हातात आली की ती सगळी बक्षिसासारखी वाटते. हे मी दरवर्षी दिवाळीत बघतो.

आता डिकीकडं येतो, कारण खरा खर्च तिथं आहे.

तुमच्या डिझायरची डिकी कंपनीच्या आकड्यानुसार ३७८ लिटरची. दुकानदारानं सांगितलेलं वूफरचं पोर्टेड, म्हणजे हवेसाठी तोंड ठेवलेलं खोकं बाहेरून २८ × १४ × १५ इंच, म्हणजे ९६ लिटर. वाचताना चौथा हिस्सा वाटतो, पण डिकी काही चौकोनी पेटी नसते. चाकांच्या कमानी आत येतात, झाकणाचे बिजागर खाली उतरतात. वूफरच्या पडद्यासमोर आणि पोर्टच्या तोंडाशी मोकळी जागा सोडावी लागते. शिवाय खोक्यावर काचेच्या बरण्या ठेवून बघाच, पहिल्या ठोक्याला सगळ्या एकमेकींशी बोलायला लागतील. आज नऊ खोकी बसतात असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अंदाजानं पाच बसतील.

चार खोकी कमी. एका खोक्यात १२ बरण्या, बरणीमागं ३५ रुपये सुटतात, म्हणजे खोक्याला ४२०. चार खोक्यांचे १,६८०, महिन्यात दोन खेपांचे ३,३६०, वर्षाचे ४०,३२०. हा आकडा वहिनींनी मांडला तर तुम्ही म्हणाल, धंदा कशाला बुडेल, एक जादा खेप मारू. बरोबर आहे. म्हणून मी नुकसान त्या जादा खेपेनंच मोजतो. सांगलीला जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटर, पाच लिटर पेट्रोल, लिटरला शंभरच्या वर. खेपेला ५३० धरा. महिन्याला १,०६०, वर्षाला १२,७२०. वर दोन जादा रविवार. हे झालं डिकीचं भाडं. सिस्टीम पाच वर्षं वापरलीत तर भाड्याचे ६३,६००, म्हणजे रोखीच्या किमतीएवढंच आणखी एकदा. कोटेशनमध्ये ही ओळ कुणी लिहीत नाही.

मागच्या सीटवर खोकी ठेवता येतील म्हणाल. आई-वडील बरोबर नसतील त्या रविवारी ठेवा. चटणीचा वास सीटच्या कापडातून जायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

कोटेशनच्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मला जास्त खटकली. मोनोब्लॉक (फक्त वूफरसाठीचा) अॅम्प १७,५००, वूफर आणि खोकं १९,०००, पुढचे-मागचे स्पीकर १५,०००, चार चॅनेलचा अॅम्प १२,५००, पत्रा थरथरू नये म्हणून डॅम्पिंग ५,५००. आणि वायरिंग? १,५००. फिटिंगची मजुरी १,०००. जिथं आग लागते तिथं सगळ्यात कमी पैसे!

मोनोब्लॉकवर १,२०० वॅट छापलंय, ते विसरा. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, ५०० आहे, तोच आकडा धरायचा. क्लास डी अॅम्प ८० टक्के कार्यक्षम धरला तरी ५०० वॅट द्यायला तो बॅटरीकडून ६२५ वॅट ओढणार, म्हणजे ४५ अँपिअरच्या वर. दहा हेडलाइटचे बल्ब एकदम पेटवल्यासारखं. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी खूप खाली राहते, पण वायर त्या ठोक्याच्या क्षणासाठी निवडायची असते. या लोडला अस्सल तांब्याची ४ गेजची वायर लागते. दीड हजाराच्या किटमध्ये बहुतेक तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम येतं. दुकानात ओळखायला सोपं आहे: टोकाची एक तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरट दिसली की अॅल्युमिनियम. तेवढ्याच जाडीत ती कमी करंट नेते आणि जास्त तापते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या जुन्या गाडीत बॅटरीची वायर इंजिनच्या मागच्या पत्र्यातून आत घेतली होती. त्या भोकाला रबराचं बूच घालायचं फिटरनं टाळलं, आणि फ्यूज बॅटरीजवळ न लावता मागं अॅम्पजवळ लावला. पत्र्याच्या धारेनं सात-आठ महिन्यांत वायरचं कव्हर कापलं. पुण्याहून येताना किणी टोलनाक्याच्या अलीकडं डॅशबोर्डखालून धूर आला. फ्यूज मागं होता, त्यामुळे शॉर्ट झालेल्या जागेच्या आधी करंट तोडायला काहीच नव्हतं. बॅटरीची तार पान्यानं उपटली तेव्हा थांबलं. वायरिंगचे २३,००० खिशातून गेले. विम्याच्या सर्व्हेअरनं पहिलाच प्रश्न विचारला, "हे सामान पॉलिसीत नोंदवलंय का?" नोंदवलं नव्हतं.

तेव्हा मुख्य फ्यूज बॅटरीपासून फार तर दीड फुटावर, पत्र्यातल्या भोकाला रबर, आणि अर्थची वायर आखूड, रंग खरवडून नागड्या पत्र्याला घट्ट आवळलेली. हे तिन्ही समोर उभं राहून बघा. मजुरी हजाराऐवजी अडीच हजार पडली तर खुशाल द्या.

मग काय घ्यावं? मोनोब्लॉक सोडा. मागचे स्पीकर सोडा, मागं बसलेल्या आईंना ते नकोच असतील. चार चॅनेलचा अॅम्प ठेवा. त्याचे दोन चॅनेल पुढच्या दारातल्या स्पीकरना द्या, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, एका दहा इंची वूफरला. ६० वॅटच्या चॅनेलचा अॅम्प ब्रिज केल्यावर साधारण १८० वॅट देतो. वूफर मात्र ४ ओहमचाच घ्या. २ ओहमचा लावलात तर अॅम्प तापून बंद पडेल.

५०० ऐवजी १८० ऐकून तोंड वाकडं करू नका. कान वॅट मोजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. ५०० आणि १८० मध्ये जेमतेम साडेचार डेसिबलचा फरक आहे. त्यात तुमची सेडान. डिकी आणि केबिनच्या मध्ये सीटची पाठ आणि मागच्या काचेखालची फळी येते, त्यामुळे बेसचा काही भाग नंबर प्लेट वाजवण्यातच जातो. बंद खोक्यातल्या दहा इंचाला बारा इंची पोर्टेडचा छातीत बसणारा ठोका येणार नाही, हे कबूल. पण ढोलकीची थाप ढोलकीसारखी ऐकू येईल. दारांना नीट डॅम्पिंग केलंत तर निम्मा फरक तिथंच कळेल.

बंद खोकं १३ × १३ × १२ इंचाचं होतं, म्हणजे ३३ लिटर. कोपऱ्यात पट्ट्यानं बांधायचं आणि वायरला प्लग ठेवायचा. खेपेच्या रविवारी प्लग काढून खोकं घरात. त्या दिवशी फक्त पुढचे स्पीकर वाजतील, आणि डिकीचं भाडं शून्य. अॅम्प मात्र डिकीच्या तळाला नको. तुमच्या गल्लीत २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला पाणी शिरलं होतं असं तुम्हीच लिहिलंय. सीटच्या पाठीला, तळापासून जमेल तेवढा वर बसवा.

हिशेब असा पडतो. पुढचे स्पीकर ८,५००, अॅम्प १२,५००, तांब्याचं वायरिंग ४,५००, पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग ३,०००, मजुरी २,५००. झाले ३१,०००. दिवाळीत एवढंच करा. वूफर आणि खोकं ८,००० चं, ते नंतर. वायर पहिल्यांदाच ओढून ठेवली की पुन्हा गाडी खोलावी लागत नाही.

भिशीतले उरलेले २९,००० आणीबाणीच्या पैशात टाका. सध्या तिथं तुमचे ४०,००० आहेत, तेही पतसंस्थेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेला ते लागू नाही. तेव्हा दोन्ही रकमा एकत्र करून बँकेत ठेवा. ६९,००० होतील. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून महिन्याला ३०,८०० लागतात, आणीबाणीला तीन महिन्यांचे तरी हवेत, म्हणजे ९२,४००. पाच महिने ५,२०० बाजूला टाकलेत तर गुढीपाडव्याच्या सुमाराला भरपाई होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांच्या शिलकेतून वूफर. मधेच कारखान्यात ओव्हरटाइम निघाला आणि तुम्ही वूफर आधी आणलात, तर मी रागावणार नाही. पण तो ओव्हरटाइमचाच पैसा असू द्या.

विम्याचं एक काम उरलं. कंपनीकडून न आलेलं इलेक्ट्रॉनिक सामान पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं. त्यासाठी किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम पडतो. पूर्ण ३९,००० चं सामान झालं की १,५६० आणि जीएसटी धरून सुमारे १,८४० रुपये. पुराची गल्ली आणि रस्त्यावरचं पार्किंग बघता पहिली दोन-तीन वर्षं नोंदवा. पुढं घसाऱ्यानं सामानाची किंमत निम्म्यावर आली की सोडून दिलं तरी चालेल. अॅम्प स्वतःहून जळला तर मात्र विमा देत नाही, तिथं दुकानाची वॉरंटी. म्हणून पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. आणि मूळ स्टीरिओ बदलू नका. स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारे अॅम्प मिळतात. गाडी विकताना सगळं उतरवून ठेवता येईल, कारण गाडी घेणारा वूफरचे पैसे देत नाही.

एवढं वाचूनही बारा इंचीच हवा वाटत असेल, तर आधी एक करा. लक्ष्मीपुरीतून पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणा, कापून-चिकटवून बरोबर २८ × १४ × १५ इंचाचं करा आणि येत्या खेपेच्या आदल्या रात्री डिकीत ठेवा. मग चटणीची खोकी वहिनींना लावू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून फक्त मोजा, किती बसली.