मुंबईच्या म्युझियमवर विजापूरचा घुमट कसा?

प्रश्न : सुट्टीत पोरांना विजापूरचा गोलघुमट दाखवून आणला, नंतर मुंबईला म्युझियममध्ये गेलो तर पोरगी म्हणती, पप्पा हा तर तोच घुमट! म्युझियम इंग्रजानं बांधलंय म्हणतात, मग त्याला आपल्या बाजूचं काय माहिती?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पोरीची नजर भारी आहे हो, म्युझियमचा (म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा) तो घुमट गोलघुमटावरूनच घेतलाय. फक्त माणूस इंग्रज नव्हे, स्कॉटलंडचा. जॉर्ज विटेट, जन्म १८७८, गाव ब्लेअर अथोल. पर्थला एका आर्किटेक्टच्या हाताखाली शिकला, एडिंबरा आणि यॉर्कला काम केलं आणि १९०४ ला मुंबईत आला ते जॉन बेगचा असिस्टंट म्हणून. बेग पण स्कॉटिशच, जीपीओ म्हणजे मुंबईचं मोठं पोस्ट ऑफिस त्याचं, त्याचा घुमट बघा, तो पण विजापुरी वळणाचा. थोडक्यात दोघांनी आपल्या शेजारचा माल उचललाय!

पण विटेटनं नुसती कॉपी नाही मारली. म्युझियमला घुमट विजापूरचा, झरोके राजपुती, दगड मात्र इथलाच, कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर. बिल्डिंग १९१४ ला झाली पण महायुद्धात तिथं मिलिटरी हॉस्पिटल होतं, म्युझियम म्हणून उघडायला १९२२ उजाडलं.

गेट वे पण त्याचाच, १९२४ चा, त्याला नमुना सोळाव्या शतकातल्या गुजरातचा. नीट बघितलं तर तो समोरच्या रस्त्याच्या सरळ रेषेत नाही, जरा तिरकाच उभा आहे, कारण थेट त्याच्यापर्यंत एक मोठा रस्ता काढायचा होता पण पैसे संपले आणि रस्ता कागदावरच राहिला (सरकारी काम तेव्हाही असंच!). आपल्याकडचे पेशंट ज्या केईएमला नेतात ते सुद्धा त्याचंच. १९१९ ला सरकारी नोकरी सोडून टाटांकडे गेला, बॉम्बे हाऊस तिथलं काम. मायदेशी काही परत गेला नाही, पन्नाशीच्या आतच १९२६ ला मुंबईतच वारला, शिवडीच्या दफनभूमीत आहे.

पुढच्या वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलात की टॅक्सी करू नका, शेजारीच जीपीओ आहे, तो घुमट आधी पोरीला आतून दाखवा आणि मग म्युझियमकडे चालत निघा.