पॅकेजिंगच्या निर्जंतुकीकरणात मुलीला भवितव्य आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आहे आणि अन्नाच्या पॅकेजिंगचं साहित्य निर्जंतुक करण्यावर तिने प्रकल्प घेतला आहे. ‘खोकी-पिशव्या साफ करण्यात कसलं शास्त्र, आणि त्यात किरणोत्सर्गही असतो म्हणे’, असं तुम्ही लिहिलंय.

आधी किरणांचं बोलू. जंतू मारायला कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूतून निघणारे गॅमा किरण वापरतात. त्यांनी पिशवी किरणोत्सारी होत नाही, तेवढी ऊर्जाच त्यांच्यात नसते. माणसाला मात्र ते घातक असतात. म्हणून स्रोत जाड काँक्रीटच्या भिंतींआड ठेवतात आणि काम नसताना बहुधा खोल पाण्यात उतरवतात. शिवाय तुमच्या मुलीचं काम मुख्यतः प्रयोगशाळेत असेल.

आता शास्त्राचं. टिकाऊ दूध 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवता येतं, पण त्याचं कागद-प्लास्टिकचं खोकं त्या उष्णतेत टिकणार नाही. म्हणून त्यावर 30-35 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून मग गरम हवेने ते उडवून लावतात. अमेरिकेच्या नियमांत त्याचा अवशेष 0.5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत अर्धा भाग) वर चालत नाही. फळांच्या गरासाठीच्या मोठ्या पिशव्या आधीच बंद करून येतात, आत द्रावण पोचणार कसं? तिथे आरपार जाणारे गॅमा किरणच कामी येतात. तेच किरण पॉलिप्रॉपिलीन या साध्या प्लास्टिकवर सोडले, तर ते ठिसूळ होतं. अतिनील प्रकाश स्वस्त आणि सोपा, पण धुळीच्या कणाच्या सावलीतला बीजाणू (जंतूचं कवचबंद, चिवट रूप) त्यातून सुटतो. जंतू मरावा आणि वेष्टन शाबूत राहावं, ही खरी कसोटी आहे, आणि ती प्रत्येक साहित्यासाठी नव्याने द्यावी लागते.

जंतू मेले हे सिद्ध कोण करणार? इथे तुमच्या मुलीचा विषय येतो. पेरॉक्साइडसाठी बॅसिलस ॲट्रोफियस, वाफेसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, किरणांसाठी बॅसिलस प्युमिलस, असे चिवट बीजाणू मुद्दाम पृष्ठभागावर सोडून, प्रक्रियेनंतर किती उरले ते मोजतात. दहा लाखांतला एखादाच उरला, तर ती सहा लॉगची घट, म्हणजे सहा वेळा दहापट घट. यंत्र चालवणारे बरेच मिळतात. ही चाचणी आखून तिचा निकाल ठामपणे मांडणारी माणसं मला फार कमी दिसतात. दूध-रसाचे ॲसेप्टिक (निर्जंतुक वेष्टनात भरणी करणारे) प्रकल्प, पॅकेजिंग बनवणारे कारखाने, यंत्रनिर्माते, विकिरण केंद्रं, तपासणी प्रयोगशाळा, या सगळ्यांना ती लागतात.

तिला पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांची, मूलतत्त्वं आणि संख्याशास्त्र शिकायला सांगा. प्रकल्पात सगळ्या पद्धतींचा आढावा घेत बसण्यापेक्षा एकच साहित्य घेऊन दोन पद्धतींची तुलना करावी.

तुमची काळजी मी किरणांवरून रसायनांकडे वळवेन. तीव्र पेरॉक्साइडने त्वचा आणि डोळे भाजतात. निर्जंतुकीकरणाला वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड वायू तर कर्करोगकारक आहे. नोकरीच्या मुलाखतीत हवेतल्या या रसायनांचं प्रमाण किती वेळा मोजतात, हे तिने नक्की विचारावं. उत्तर देताना कोणी चाचपडलं, तर तिथे जाऊ नये.