रुग्णवाहिकेवर नव्याने आलेल्यासाठी: आधी श्वास मोज

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कुणी रस्त्याकडेला पडलेला दिसला की भोवतालचे सगळे 'ऊन लागलं' म्हणतात. तू आधी श्वास मोज. उष्माघातात अंग भाजतं, श्वास जलद चालतो. फेंटानिल, ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गीय वेदनाशामक औषधांच्या अतिडोसात श्वास मंद होतो, घोरल्यासारखा आवाज येतो, ओठ निळे पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीएवढ्या असतात, पण ट्रामाडॉलमध्ये तसं असेलच असं नाही.

अशा अतिडोसात माणूस मरतो तो ऑक्सिजनअभावी. म्हणून नॅलॉक्सोन (या औषधांचा असर उतरवणारं इंजेक्शन) शोधत वेळ घालवू नकोस. हनुवटी उचल, बॅग-मास्कने (दाबून हवा देणारी पिशवी आणि मुखवटा) दर ५-६ सेकंदांनी एक श्वास दे. मग डॉक्टरांच्या सूचनेने नॅलॉक्सोन ०.४ मिलिग्रॅम स्नायूत. २-३ मिनिटांत श्वास सुधारला नाही तर पुन्हा. श्वास नीट चालला की पुरे, खडखडीत जागं करायचं नाही; जास्त दिलं की उलट्या आणि झटापट. नॅलॉक्सोनचा असर ३०-९० मिनिटांत ओसरतो, श्वास पुन्हा बुडू शकतो. 'बरं वाटतंय, घरी जातो' म्हणाला तरी समजावून सिव्हिलला ने.

फेंटानिलची पावडर हाताला लागली म्हणून कुणी कोसळत नाही, त्या भीतीने मागे हटू नकोस. नायट्राइल हातमोजे घाल, हात साबण-पाण्याने धू, सॅनिटायझर नको. खरा धोका खिशातल्या सुईचा: आत हात घालू नकोस.