'की-चेन'ला साखळी म्हणावे की जुडगा?

सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात संगणक-जाळ्यांचा विषय शिकवणाऱ्या एका वाचक भगिनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणे तयार करत आहेत. राउटर, म्हणजे संदेशांना जाळ्यांतून योग्य वाटेने पुढे पाठवणारी उपकरणे, एकमेकांना मार्गांची माहिती देतात तेव्हा ती खऱ्या शेजाऱ्याकडूनच आली आहे हे ठरवण्यासाठी ज्या गुप्त किल्ल्या वापरल्या जातात, त्यांच्या व्यवस्थापनावर या टिपणांत एक प्रकरण आहे. त्यातले एक वाक्य त्यांनी पाठवले आहे: 'कळसाखळीतील प्रत्येक प्रमाणीकरण कळीचा जीवनकाल विदा प्रतिकृतीत नमूद करावा.' हे मराठी बरोबर आहे का आणि 'की-चेन'साठी 'कळसाखळी' चालेल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

वाक्य व्याकरणाने उभे आहे. पण त्यातले जवळजवळ प्रत्येक नाम वाचकाला भलतीकडे नेते. 'कळीचा जीवनकाल' वाचताना मोगऱ्याची कळीच आधी डोळ्यांपुढे येते. 'कळ' म्हणजे दाबण्याची वस्तू. त्या अर्थाने 'कळफलक' हा शब्द छान रुळला आहे आणि तेथेच तो शोभतो. जी वस्तू गुपित आहे, जपून ठेवायची आहे आणि ठरावीक काळाने बदलायची आहे, तिला मराठीत किल्ली किंवा चावी म्हणतात. यांपैकी 'चावी' पोर्तुगीजांकडून आली, तर 'किल्ली' 'कील' या जुन्या शब्दाच्या कुळातली आहे. सोलापुरात 'किल्ली' निवडण्याला आणखी एक छोटे कारण आहे. अक्कलकोटकडून येणाऱ्या कन्नडभाषक मुलाच्या घरी 'कीलिकै' हा शब्द असतो, त्यामुळे 'किल्ली' त्याला परकी वाटत नाही. शहराच्या पूर्वभागातील तेलुगूभाषक मुलाला 'ताळंचेवि'वरून 'किल्ली'कडे यावे लागेल, पण 'कळी'पेक्षा ते नक्कीच सोपे आहे.

आता मुख्य प्रश्न साखळीचा. इंग्रजी 'चेन' पाहून 'साखळी' लिहिण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु तेथे साखळी आहे का, हे आधी पाहायला हवे. साखळीत एक कडी दुसरीत अडकलेली असते आणि मधली एक तुटली की पुढचे सारे निखळते. संगणकशास्त्रात अशा खऱ्या साखळ्या आहेत: ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक ठोकळ्यात आधीच्या ठोकळ्याचा ठसा असतो, आणि संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांमध्ये एकाची सही दुसऱ्याच्या भरवशावर उभी असते. राउटरच्या की-चेनमध्ये यातले काहीच नसते. तेथे एका नावाखाली काही किल्ल्या एकत्र ठेवलेल्या असतात. त्यांपैकी कोणतीही किल्ली दुसरीवरून काढलेली नसते, आणि एक काढून टाकल्याने बाकीच्यांचे काही बिघडत नाही. कोणत्या वेळी कोणती वापरायची एवढाच प्रश्न असतो. कड्यात ओवलेल्या अशा सुट्या किल्ल्यांना मराठी घरांत 'जुडगा' म्हणतात. तेव्हा 'की-चेन'ला 'किल्लीजुडगा' म्हणावे आणि 'साखळी' हा शब्द जेथे कडीला कडी खरोखर लागलेली आहे तेथे राखून ठेवावा, असे माझे मत आहे. सिस्को कंपनीच्या राउटरांवर 'की-चेन' ही आज्ञा पूर्वीपासून आहे आणि पुढे इंटरनेटच्या मानकानेही तेच नाव घेतले, म्हणून ते इंग्रजीत पक्के झाले. मराठीला मात्र आज्ञेच्या अक्षरांशी बांधून घेण्याचे कारण नाही.

'किल्लीजुडगा' असा समास सुचवतो, 'किल्ल्यांचा जुडगा' अशी फोड नाही. यामागे थोडी खोडकर अडचण आहे. 'किल्ला' आणि 'किल्ली' या दोन्हींचे अनेकवचनी सामान्यरूप 'किल्ल्यां-' असेच होते. ज्या शहरात भुईकोट किल्ला ही पत्ता सांगण्याची खूण आहे, तेथे 'किल्ल्यांची यादी तपासा' हे वाक्य फळ्यावर लिहिले तर इतिहासाचा तास सुरू झाल्यासारखे वाटेल.

मानकातल्या रचनेकडे वळलो म्हणजे बाकीचे शब्द आपोआप ठरू लागतात. यांग ही राउटरसारख्या उपकरणांची मांडणी आणि स्थिती वर्णन करण्याची भाषा आहे. तिचे पहिले मानक २०१० साली, आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, आरएफसी ६०२० या क्रमांकाने आले आणि १.१ ही आवृत्ती २०१६ मध्ये आरएफसी ७९५० म्हणून आली. (नावाचा चिनी यिन-यांगशी संबंध नाही, ते इंग्रजी आद्याक्षरांचे आहे, तरी या भाषेच्या एक्सएमएल रूपाला कर्त्यांनी 'यिन' हे नाव दिलेच.) या भाषेत किल्लीजुडग्याचे वर्णन करणारा आरएफसी ८१७७ जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जुडग्याला नाव असते आणि जुडग्यात किल्ल्यांची यादी असते. प्रत्येक किल्लीला क्रमांक, पाठवण्यासाठी व स्वीकारण्यासाठी ती कधीपासून कधीपर्यंत वापरायची त्या वेळा, कोणती गणितरीत वापरायची तिचे नाव, आणि अखेर ते गुपित अक्षररूपात किंवा षोडशमान अंकांत, अशा नोंदी असतात.

यालाच 'डेटा मॉडेल' म्हणतात, आणि 'विदा प्रतिकृती' येथे सर्वांत जास्त चुकते. प्रतिकृती म्हणजे असलेल्या वस्तूची हुबेहूब दुसरी वस्तू. यांगच्या मॉडेलमध्ये तुमच्या राउटरवरची एकही किल्ली नसते. कोणकोणते रकाने असतील, कोणत्या रकान्यात अंक भरायचा, कोणत्यात तारीख आणि कोणता रकाना रिकामा सोडलेला चालेल, एवढेच ते सांगते. रकाने ठरवून देणाऱ्या अशा आराखड्याला मराठी प्रशासनात 'नमुना' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे ज्याच्या घरी शेतजमीन आहे त्याला सांगावे लागत नाही. नमुना एकच असतो आणि त्यात भरलेल्या नोंदी मात्र गटागटाच्या निराळ्या असतात. म्हणून 'डेटा मॉडेल'ला 'विदा-नमुना' म्हणावे. 'विदा' जड वाटत असेल तर 'नोंद-नमुना'ही चालेल. 'नमुना'चा दुसरा अर्थ वानगी, म्हणजे सँपल, असा होतो खरा. पण संदर्भाने तो लगेच निराळा पडतो.

'प्रमाणीकरण' या शब्दावर जरा थांबतो. मराठीत त्याचे दोन उपयोग आहेत: एक ऑथेंटिकेशनसाठी आणि दुसरा स्टँडर्डायझेशनसाठी, जसे 'भाषेचे प्रमाणीकरण'. एरवी हे खपून जाते, पण या प्रकरणात पानोपानी मानकांचे उल्लेख येणार असल्याने 'एमडी५ प्रमाणीकरण' (एमडी५ ही संदेशाचा सारांश-अंक काढण्याची एक रीत) वाचून एमडी५ला मानकाचा दर्जा दिला गेला असा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. कायद्याच्या मराठीत 'अधिप्रमाणन' आहे. तो जोडाक्षरी आणि कोरडा असला तरी निःसंदिग्ध आहे. मथळ्यात आणि व्याख्येत तो ठेवावा आणि धावत्या मजकुरात 'खातरजमा' वापरावी. 'स्वीकारणारा राउटर संदेशाची खातरजमा करून घेतो' हे वाक्य पहिल्या वाचनात कळते.

येथे एक रास्त शंका निघू शकते. अधिप्रमाणनाच्या किल्लीने काहीही उघडत नाही आणि बंदही होत नाही. मग तिला किल्ली तरी का म्हणावे? ओएसपीएफ या राउटिंग-संकेताचे, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्गांची माहिती कशी द्यावी याच्या एका नियमसंचाचे, उदाहरण घेऊ. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे मानक आरएफसी २३२८ हे १९९८ सालचे आहे. त्यातील गुप्तलेखनावर आधारलेल्या अधिप्रमाणनात मार्गांची माहिती उघडीच जाते. मधला कोणीही ती वाचू शकतो. फक्त संदेश आणि सामाईक गुपित यांवरून काढलेला सारांश-अंक संदेशाच्या शेवटी जोडला जातो, आणि पलीकडचा राउटर आपल्याजवळच्या त्याच गुपिताने तो अंक पुन्हा काढून जुळतो का ते पाहतो. म्हणजे काम मोहोरेचे आहे. शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तेथे 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा उमटवत, जेणेकरून तिच्यापुढे कोणी ओळ घुसडू नये. हा शेवटचा अंकही बऱ्याच अंशी तेच करतो. मग 'मुद्रा' शब्द घ्यावा का? तो मोहक आहे, तरी मी घेणार नाही. मुद्रा सर्वांना दिसते आणि किल्ली लपवायची असते; येथे दिसतो तो सारांश-अंक, आणि लपलेले असते ते गुपित. 'मुद्रा' म्हणायचेच असेल तर त्या अंकाला म्हणावे. शिवाय आरएफसी ८१७७चा नमुना केवळ अधिप्रमाणनापुरता नाही. सामाईक किल्लीने मजकूर कुलूपबंद करणाऱ्या सेवांनाही तोच जुडगा वापरता येतो, आणि तेथे किल्ली अक्षरशः किल्लीचेच काम करते.

राहिला 'जीवनकाल'. या शब्दाने अर्थ बिघडत नाही, पण त्याच्याभोवती क्रियापदे जमत नाहीत. 'मुदत' घेतली की सगळा संसार तयार मिळतो: मुदत सुरू होते, संपते, उलटते, मुदतवाढ मिळते, शेवट ठरलेला नसेल तर बेमुदत. नमुन्यात किल्लीच्या काळासाठी जे पर्याय आहेत ते याच शब्दांत नेमके बसतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही नसतील तर 'सदैव', सुरुवात आहे पण शेवट नाही तर 'बेमुदत', आणि नाहीतर सुरुवातीपासून इतके सेकंद किंवा अमुक तारखेपर्यंत. 'सदैव' आणि 'बेमुदत' यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगावा, कारण दोन्हीकडे शेवट नसला तरी बेमुदत किल्ली सुरुवातीच्या वेळेआधी चालत नाही.

प्रत्येक किल्लीला 'प्रेषण-मुदत' आणि 'स्वीकार-मुदत' अशा दोन मुदती देता येतात, आणि जुडग्याचे खरे मर्म त्यातच आहे. समजा, एका बँकेच्या सोलापूर आणि पंढरपूर येथील राउटरांत ३० जूनच्या मध्यरात्री किल्ली बदलायची आहे. दोन्हीकडची घड्याळे सेकंदाला सेकंद जुळतीलच असे नाही. ज्याचे घड्याळ पुढे आहे तो नवी किल्ली लावून संदेश पाठवील आणि दुसरा तो नाकारील. ओएसपीएफच्या नेहमीच्या मांडणीत दर १० सेकंदांनी, आपण हजर आहोत हे शेजाऱ्याला कळवणारा, हॅलो संदेश जातो आणि ४० सेकंद एकही ग्राह्य संदेश आला नाही तर शेजारी गेला असे धरले जाते. एवढ्या विसंगतीनेही दोन्ही गावांमधला मार्ग मोडतो. म्हणून दोन्ही ठिकाणी नव्या किल्लीची स्वीकार-मुदत एक-दोन दिवस आधी सुरू करतात आणि जुन्या किल्लीची तितकीच नंतर संपवतात. प्रेषण-मुदत मात्र मध्यरात्रीच बदलते. घड्याळांच्या किरकोळ फरकासाठी संपूर्ण जुडग्याला सेकंदांत मोजलेली 'स्वीकार-सूट' देण्याचीही सोय या नमुन्यात आहे. या सगळ्या व्यवहाराला 'किल्लीबदल'पेक्षा 'किल्लीपालट' म्हणावे, असे सुचवतो. 'खांदेपालट' शब्दात एकाच्या जागी दुसरा येतो आणि काम चालू राहते, ही छटा आहे. येथेही तेच साधायचे आहे.

मुदतीचा शब्द किती उपयोगी पडतो याचे एक उदाहरण आरएफसी २३२८मध्येच सापडते. जुडग्यातल्या शेवटच्या किल्लीची मुदत उलटली तर काय करावे, असा प्रश्न त्यात घेतला आहे. खातरजमेशिवाय संदेश घेणे मान्य नाही आणि राउटिंग बंद पाडणेही इष्ट नाही. म्हणून राउटरने व्यवस्थापकाला सूचना द्यावी आणि मुदतवाढ मिळेपर्यंत, ती किल्ली काढली जाईपर्यंत किंवा नवी किल्ली येईपर्यंत जुनीच बेमुदत धरावी, असे तेथे सांगितले आहे. हे 'जीवनकाल' वापरून लिहून पाहावे. मेलेली किल्ली पुन्हा जिवंत करावी लागते.

तेव्हा आपले वाक्य असे लिहावे: 'किल्लीजुडग्यातील प्रत्येक किल्लीची प्रेषण-मुदत आणि स्वीकार-मुदत विदा-नमुन्यात ठरवून दिलेल्या रकान्यांत भरावी.' यातून 'अधिप्रमाणन' मुद्दाम गाळले आहे. प्रकरणाच्या मथळ्यात ते आहेच, प्रत्येक वाक्यात त्याचा पुनरुच्चार नको.

किल्लीच्या 'आयडी'ला 'क्रमांक' म्हणायला हरकत नाही, पण तो अनुक्रम नव्हे, ही एक टीप खाली द्यावी. क्रमांक ५ची किल्ली क्रमांक ६च्या आधी वापरली जाते असे काही नसते. क्रम मुदतीवरून ठरतो. ओएसपीएफच्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रमांकाला एकच बाइट आहे, म्हणजे तो २५५च्या पुढे जात नाही, आणि विदा-नमुन्यात मात्र त्याला ६४ बिटांची जागा आहे. मोठा क्रमांक नमुन्याने स्वीकारला तरी ओएसपीएफच्या संदेशात तो मावणार नाही, हेही त्याच टिपेत लिहावे.