वाचकांचे प्रश्न: पंचेचाळीस हजारांत कोणता कॅमेरा?

प्रश्न: मी आणि माझा मावसभाऊ, दोघंही नोकरी करतो. पुण्यातल्या तांबट आळी, बुरूड आळी इथल्या जुन्या कारागिरांशी गप्पांचा कार्यक्रम यूट्यूबवर सुरू करायचा आहे. एकेक भाग साधारण ४० मिनिटांचा. कॅमेरा, माईक, स्टँड सगळं धरून ४५,००० रुपये जमलेत. भाऊ म्हणतो ४के हवंच, दुकानदार म्हणतो साधा हँडीकॅम घ्या. काय करावं?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: पत्र वाचून फार बरं वाटलं. हे काम कुणीतरी करायलाच हवं, आणि लवकर करायला हवं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेरा ठरवण्याआधी ८,००० रुपये आवाजासाठी बाजूला काढा. चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी माणूस बघत राहतो. आवाज नीट आला नाही तर पाच मिनिटांत उठतो. शिवाय तुम्ही निघालात तांबट आळीत! तिथे समोरच्या दुकानातही तांब्यावर घाव चालूच असतात. कॅमेऱ्यावरचा माईक तेच घाव आधी टिपेल, म्हातारबाबांचं बोलणं मागे राहील. कॉलरचा माईक घ्या. तो हनुवटीच्या खाली एक वीत लावा, कडक इस्त्रीच्या कापडावर नको, घासल्याचा आवाज येतो. बोया कंपनीच्या बीवाय-एम१ला सहा मीटर वायर असते, सुरुवातीला तोही पुरे. फक्त त्याचं बटण ‘कॅमेरा’वर आहे ना, ते पाहा. दुसरा कुठला माईक घेतलात तर पीन नीट बघून घ्या: फोनच्या पिनेवर तीन काळी कडी असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. चुकीची पीन लावली की आवाज पातळ तरी येतो किंवा येतच नाही.

यावरूनच कॅमेऱ्याची पहिली अट ठरते: बाहेरचा माईक लावायला जागा हवी. स्वस्त हँडीकॅम इथेच बाद होतात. सोनीचा सीएक्स४०५ झूमला छान आहे, ३० पट, पण त्याला माईकची जागाच नाही. दुकानदाराला एवढं एकच विचारा.

दुसरी अट मी स्वतः किंमत मोजून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तांबटांचं बोलणं टिपत होतो. वय सत्तरीच्या पुढे. बंबाच्या तळाला शेवटचा घाव कसा द्यायचा आणि तो नीट बसला हे आवाजावरून कसं ओळखायचं, ते सांगत होते. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. अंगठ्याचं नख पार चपटं झालेलं, तरी पत्रा फिरवताना बोटं इतकी हलकी. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका विझलाय हे पंधरा मिनिटांनी लक्षात आलं. दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. ती पंधरा मिनिटं अजून सलतात.

झालं होतं असं की फोटोचे बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबत. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर जकात लागे. ती वाचवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि ती आपल्याकडच्या कॅमेऱ्यांतही आली. म्हणून घेण्याआधी विचारा: सलग किती वेळ चालतो? सोनीच्या २०२१च्या झेडव्ही-ई१०ला अशी वेळेची मर्यादा नाही आणि कानाला हेडफोन लावून आवाज तपासता येतो. नवा तुमच्या रकमेत बसणार नाही, जुना चांगला मिळाला तर सोडू नका. नाहीतर कॅननचा एम५०, २०१८चा. माईकची जागा आहे, पडदा पुढे वळतो, फुल एचडीत चेहऱ्यावरचा फोकस सुरेख धरतो. त्याला मात्र अर्ध्या तासाची मर्यादा आहे, हेडफोनची जागा नाही, आणि त्याची लेन्सची मालिका कंपनीने बंद केली आहे. घेतलात तर मावसभावाला घड्याळ घेऊन बसवा आणि पंचविसाव्या मिनिटाला चहा मागवून कॅमेरा नव्याने सुरू करा.

भावाला ४केबद्दल एवढंच सांगा: एम५०मध्ये ४के लावलं की चौकट आवळते, म्हणजे समोरचं कमी मावतं, आणि तो फोकसही तितका चांगला राहत नाही. त्या आळीतली दुकानं हातभर रुंद. मागे सरकायला जागाच नसते. फुल एचडीत काढा, कार्यक्रम उत्तम दिसेल.

जुना कॅमेरा घेताना स्वतःचं कार्ड घेऊन जा आणि दुकानातच वीस मिनिटं चित्रण करा. माईकची पीन लावून हलकेच हलवा, खरखर आली तर परत ठेवा. लेन्समधून मोबाईलची बॅटरी मारून बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या पुण्याच्या पावसाळ्यात ती हमखास धरते. तुमचाही कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

घरी आणलात की मेनूत ‘पाल’ (PAL) लावा, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, आणि शटरचा वेग १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा अमेरिकेच्या हिशोबाने ३० वर राहिला तर ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्टे सरकतात. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून नवा एलईडी दिवा आणलात तर तोही आधी घरी लावून, कॅमेऱ्यातून बघून मगच न्या. दिवसा मात्र दाराचा उजेड वापरा. कारागिराला दाराकडे पाठ करून बसवू नका, दार त्याच्या एका बाजूला येऊ द्या.

आणि मुलाखत जेवणाच्या सुट्टीत घ्या, घाव थांबलेले असताना. मग काम सुरू झालं की मठारण्याचा, म्हणजे भांड्यावर ठोके मारण्याचा, नुसता आवाज पाच मिनिटं वेगळा टिपून ठेवा. जोडताना तो बोलण्याखाली हळू सोडता येतो.

प्रश्न: मी दहावीच्या मुलांसाठी गणिताचे तास घरूनच टाकते. फोन सोडून कॅमेरा घ्यावा का?
— एक शिक्षिका, कोथरूड

उत्तर: नको. तुमचा फोन पुरेसा आहे. एक कॉलर माईक, एक पक्का स्टँड, आणि चित्रण चालू असेपर्यंत पंखा बंद. फळा खिडकीसमोर लावू नका, चकाकतो. उरलेल्या पैशात चांगला मॅट फळा घ्या.