पंचनामा होऊनही मदत जमा होत नाही, तेव्हा कुठे बघायचं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सासवडजवळ ३० गुंठे अंजीर, वादळी पावसात निम्म्याहून जास्त झाडं आडवी, बांधावरचे सहा सागही पडले, पंचनाम्याला चार महिने झाले आणि खात्यात काही नाही. सातबारा तुमच्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावे सामाईक.

सगळ्यात आधी सातबाऱ्याचा गाव नमुना बारा काढा आणि पिकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. मदत जागेवरच्या पिकाला मिळते असं आपण धरून चालतो, पण हिशोब होतो तो कागदावरच्या पिकाचा. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी आंब्याची बाग मोडली. पण सातबाऱ्यावर पीक पाहणीत जुनी बाजरीच लागलेली होती. जिरायतीच्या दराने पैसे आले आणि फळबागेची मदत गेली. नोंद दुरुस्त करून घ्यायला मला पुढचं अख्खं वर्ष चकरा माराव्या लागल्या. म्हणून कळकळीने सांगतो, बाग दहा वर्षांची असली तरी ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, दर हंगामात मोबाईलवरून स्वतः करा, फोटो बागेत उभं राहून काढा.

आता रक्कम. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. हेक्टरी दर जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागेला २२,५०० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत. ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये ही मर्यादा ३ हेक्टर केली होती आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे धरले होते. कोणत्या आपत्तीला कोणता शासन निर्णय लागू, हे तहसीलमध्ये विचाराच. तुमच्या ३० गुंठ्यांची सगळी बाग बाधित धरली, तरी नुसत्या निकषाने ६,७५० रुपयेच होतात. एक अंजिराचं झाड उभं करायला जेवढी वर्षं लागतात त्यापुढे हे काहीच नाही, मला मान्य आहे. तरी ते तुमचे हक्काचे आहेत, सोडू नका.

चार महिने अडकण्याचं कारण मला सामाईक खात्यात दिसतं. मदत एकाच्या खात्यात हवी असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. चुलते बाहेरगावी असतील तर आजच फोन करा. मग मदतीच्या गावच्या यादीत तुमचं नाव आणि नावापुढचा विशिष्ट क्रमांक शोधा. केवायसी (ओळख पडताळणी) बाकी दिसली तर आपले सरकार केंद्रात जाऊन अंगठा द्या. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढलेला नसेल तर तोही लगेच काढा. आणि आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासा. आमच्या शेजारच्या आजींचे पैसे वर्षभर त्यांनी विसरलेल्या एका जुन्या खात्यात पडून होते.

पैसे आल्यावर बँक ते कर्जात वळते करू लागली, तर लेखी हरकत द्या. तसं करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयांतच लिहिलेलं असतं.

सागाचं मात्र वेगळं. लाकडाच्या किमतीची भरपाई या निकषांत नाही. पण घाईने करवतही लावू नका. पडलेला साग असला तरी तो हलवायला वनविभागाचा वाहतूक पास लागतो. आधी फोटो, मग सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे का ते पाहा, मग वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज. चांगल्या घेराचे असतील तर सहा साग अंजिराच्या मदतीपेक्षा जास्त पैसे देऊन जातील.

नमुना बाराचा फोटो इथे टाका, नावं झाकून. पीक कोणतं लागलंय ते बघून अर्जाचा मजकूर मी लिहून देतो.